एक नंबरची बोअर

खाणीच्या गाळतळ्याभोवती नऊ बोअर होत्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं पाणी तपासायला प्रयोगशाळेतून जी बाई यायची, तिला पहारेकऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळे मोजणीबाई म्हणायचे. समोरही आणि पाठीमागेही. तिला त्याचं काही वाटत नसे. शाळेत ती 'चौकशीखाना' होती, त्या मानाने ही बढतीच होती.

गाळतळं म्हणजे नावापुरतंच तळं. दगडातून धातू काढून घेतला की उरलेली दळलेली भुकटी पाण्यात कालवून मोठ्या पाइपाने तिथे आणून सोडत. तीन बाजूंनी मातीचा बांध, चौथ्या बाजूला टेकडी. भुकटी खाली बसे, वर राखाडी पाणी उभं राही. जागा भरत आली की बांध आणखी चढवायचा. असा तो आजवर चार वेळा चढवला होता आणि दर वेळी तळं टेकडीच्या अंगाला थोडं सरकलं होतं. त्यातलं पाणी जमिनीत उतरून खालच्या वस्तीपर्यंत जातंय का, हे पाहण्यासाठी त्या नऊ बोअर होत्या. आठ बांधाच्या खाली, एक वर, टेकडीच्या बाजूला. वरची ती एक नंबरची. तिच्यात तळ्याचं पाणी येणं शक्य नाही, म्हणून तिचं पाणी शुद्ध धरायचं आणि बाकी आठांची तिच्याशी तुलना करायची, असा नियम होता.

मोजणीबाईच्या आधी हे काम करणारे मामा नऊ बोअर अर्ध्या दिवसात उरकत. बोअरचं झाकण काढायचं, बाटली सोडायची, भरायची, पुढे. हिला दोन दिवस लागत. नळीत महिनाभर साचलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे, असं तिचं म्हणणं. म्हणून ती आधी फीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजे, मग छोटा पंप लावून जुनं पाणी उपसून टाकी, आणि क्षार मोजणाऱ्या मीटरवर लागोपाठ तीन आकडे सारखे आल्याशिवाय बाटलीला हात लावत नसे. उन्हात स्टुलावर बसून मीटरकडे पाहत राहिलेल्या बाईला बघून पहारेकरी म्हणत, बाई पाण्याच्या गप्पा ऐकतेय.

एवढं करूनही तिचे अहवाल मामांच्या अहवालांसारखेच निघत. खालच्या आठांचं पाणी वरच्या एकीसारखंच. सगळं ठीक.

दोन वर्षं असं चाललं. मग एका सकाळी सहा नंबरच्या बोअरपाशी, कुंपणाच्या पलीकडून, तिला रोपवाल्या मावशींनी हाक मारली. मावशींची रोपवाटिका कुंपणाला लागूनच होती. सासूने सुरू केलेली, तीस-पस्तीस वर्षांची. मावशींच्या हातात एक ट्रे होता आणि त्यातल्या कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा इस्त्रीचा चटका बसावा तशा करपलेल्या होत्या.

त्यांनी विचारलं की तू एवढं पाणी मोजतेस, ते कसं आहे ते तरी सांग. मोजणीबाईने नेहमीचं उत्तर दिलं. आकडे कचेरीत जातात, बाहेर सांगायची परवानगी नाही.

"आकडे तुझे तुला," मावशी म्हणाल्या. "माझ्या सासूने याच विहिरीवर फुलं लावली आणि जगवली. माझ्याकडेच ती का मरतात, तेवढं सांग. मी काय वेगळं करतेय?"

मावशींच्या आवाजात राग नव्हता. आपलंच काही चुकतंय असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि तेच मोजणीबाईला लागलं. ती कुंपणाला वळसा घालून आत गेली आणि मावशींच्या विहिरीत मीटर सोडला. लिटरमागे दोन हजार तीस मिलिग्रॅम क्षार. सहा नंबरला नुकतेच दोन हजार चाळीस आले होते. एक नंबरला, टेकडीच्या बाजूला, एकोणीसशे ऐंशी. कागदावर याचा अर्थ सरळ होता. इथल्या खडकातच क्षार आहेत, तळ्याचा संबंध नाही. पण मग सासूची फुलं कशी जगली?

हा प्रश्न तिने डोक्यात घेतला आणि तो काही केल्या खाली उतरेना.

प्रयोगशाळेत केमिस्टबाई तिच्या वरच्या होत्या. तोंडाने फटकळ, पण जुनी फाइल मागितली तर का म्हणून न विचारणाऱ्या. पंधरा वर्षांच्या फाइली मागच्या खोलीत लोखंडी कपाटात होत्या. मोजणीबाईने त्या तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत चाळल्या. दर महिन्याचा अहवाल वेगळा, प्रत्येकात त्या महिन्याची तुलना, आणि प्रत्येकाखाली 'समाधानकारक' असा शिक्का. सगळे महिने एकाखाली एक लिहून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. तिने लिहिले. पहिल्या वर्षी एक नंबरच्या बोअरमध्ये क्षार होते दोनशे साठ. पाचव्या वर्षी सहाशे. दहाव्या वर्षी तेराशे. खालच्या आठ बोअर चढत गेल्या होत्या आणि जिच्याशी त्यांची तुलना व्हायची तीही त्यांच्याबरोबर चढत गेली होती. दोघी पायऱ्या चढत असल्या आणि एकमेकींकडेच बघत असल्या, तर दोघींनाही वाटणार की आपण जागच्या जागी आहोत.

केमिस्टबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. "इथे पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन स्वतःच किंचित हसल्या. मग त्यांनी बजावलं की खुंटा हलवून बळकट केल्याशिवाय यातलं अक्षरही कुठे बोलू नकोस.

घरी सासरे होते. चाळीस वर्षं बोअर मारण्यात गेलेला माणूस. ऐकू कमी येई, कारण मशीनशेजारी आयुष्य गेलं होतं, आणि गुडघे गेले होते. खाणीच्या त्या नऊही बोअर त्यांनीच मारलेल्या. मोजणीबाईला त्यांच्याकडून फक्त एवढंच हवं होतं की एक नंबरची बोअर किती खोल आहे आणि खाली कुठला खडक लागला. त्यांनी जुनी वही काढली. दर मीटरला काय लागलं ते त्यात पेन्सिलने लिहिलेलं होतं. तिने अहवालातला नकाशा शेजारी ठेवला आणि बोअरच्या जागेवर बोट ठेवलं. सासरे नकाशाकडे बघत राहिले. चहा निवला तरी त्यांनी तो उचलला नाही.

"ही जागा नाही ती," शेवटी ते म्हणाले. "ही वर टेकडीच्या खांद्यावर दाखवलीय. आम्ही मारली खाली, पायथ्याशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ठरलेली जागा वरच होती, पण पाऊस होऊन गेला होता आणि मशीनची गाडी चिखलात चढेना. दोन दिवस गेले. तेव्हाचे इंजिनीअर म्हणाले, इथेच मारा, पाणी ते पाणी. यांनी मारली. कागदावर जुनीच जागा राहिली आणि ती कुणी बदलली नाही. त्या वेळी तळं बोअरपासून लांब होतं, त्यामुळे कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

"मला कळत होतं, सूनबाई," ते म्हणाले. "कळत नव्हतं असं नाही. लांबचं आहे, काय बिघडतंय, असं म्हटलं आणि निघून आलो."

दोन वर्षं ती स्वतः त्या बोअरवर जात होती. वाट मामांनी दाखवलेली, पाय सवयीने पडत. नकाशा उघडून बघावं असं तिलाही वाटलं नव्हतं.

तिचा नवरा खाणीच्याच वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की हे पक्कं आहे का. ती म्हणाली की पक्कं होईपर्यंत घराबाहेर बोलणार नाही. तो म्हणाला, आणि पक्कं झालं तर? ती म्हणाली की मग बोलेन. त्याने मान हलवली. होकाराची की काळजीची, ते त्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

पक्कं करायचं म्हणजे एकच गोष्ट सिद्ध करायची होती. पाणी उंचावरून सखलाकडे जातं, जमिनीखालीही. तळ्यातलं पाणी जर बोअरमधल्या पाण्यापेक्षा वर असेल, तर ते तळ्यातून बोअरकडेच येणार. तिने खाणीच्या पर्यावरण विभागाच्या साहेबांकडे पातळी मोजायची परवानगी मागितली. साहेब तरुण, बोलायला मऊ. त्यांनी लगेच सही केली आणि मदतनिसाचा पासही दिला. मदतनीस म्हणून कोण येणार, ते त्यांनी विचारलं नाही. पासवर सासऱ्यांचा फोटो लागला तेव्हा म्हातारा दिवसभर खुशीत होता. चाळीस वर्षांनी आपण पुन्हा मदतनीस झालो, आता हळूहळू वर चढू, असं शेजाऱ्यांना सांगत होता.

गवंडी पायाची पातळी काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, तीच त्यांनी घेतली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते सारख्याच उंचीवर थांबतं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सासरे, हातात खुणांच्या पट्ट्या. तळ्याच्या काठापासून बोअरपर्यंत दोनशे पावलं होती, वीस-वीस पावलांच्या टप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर दोघं एकमेकांना आकडा ओरडून सांगत, कारण सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं आणि पट्टी वाचायची तर ती त्यांनीच, असा त्यांचा हट्ट होता. एकदा जाताना मोजलं, एकदा येताना. दोन्हींत दोन बोटांचा फरक आला. नंतर तिने बोअरमध्ये फीत सोडली.

तळ्यातलं पाणी बोअरमधल्या पाण्यापेक्षा सहा मीटर वर होतं. ज्या बोअरला सगळे 'वरची' म्हणत होते, ती वरची राहिलीच नव्हती.

साहेबांना तिने कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, पाणी प्यायले, आणि म्हणाले की हे अहवालात शेऱ्याच्या रकान्यात लिहा. तिने लिहिलं. पुढच्या महिन्यात छापील अहवाल आला त्यात शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदाही रिकामा निघाला तेव्हा तिने प्रयोगशाळेच्या मालकांनाच विचारलं. ते म्हणाले की आपलं काम बाटल्या भरून आकडे देण्याचं. बोअर कुठे असावी हे ठरवायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, आणि तुमच्या घरात एक माणूस खाणीत कामाला आहे, हेही लक्षात असू द्या. शेवटचं वाक्य त्यांनी अगदी आपुलकीने म्हटलं.

त्या दिवसापासून तिचं ठरलं. चिडून काही करायचं नव्हतं. करायचं ते इतकं नीट करायचं की कुणाला त्यात बोट घालता येऊ नये.

टेकडीच्या खांद्याच्याही वर एक झरा होता. तळ्यापेक्षा बराच उंच, त्यामुळे त्याचं पाणी तळ्यातून येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचे तीन महिने, दर महिन्यातून एका रविवारी, ती तिथे गेली. दर वेळी दोन बाटल्या त्याच पाण्याच्या, आणि तिसरीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी, म्हणजे बाटलीच खराब होती असं उद्या कुणी म्हणू नये. प्रत्येक बाटलीवर वेळ आणि सही. सासरे पहिल्या वेळी बरोबर चढले, दुसऱ्या वेळी निम्म्यात बसले, तिसऱ्या वेळी पायथ्याशीच थांबून तिची पिशवी सांभाळत राहिले. बाटल्या केमिस्टबाईंनी स्वतः तपासल्या आणि नोंदवहीत रीतसर चढवल्या. दोनशे चाळीस. दोनशे पस्तीस. दोनशे चाळीस.

चौथ्या महिन्यात सूचना लागली. खाणीला बांध पाचव्यांदा चढवायचा होता आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण खात्याच्या अधिकारीबाई लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होत्या. मालकांनी तिला त्या दिवशी दुसऱ्या गावचं काम दिलं. तिने रजेचा अर्ज दिला. मालकांनी कारण विचारलं तेव्हा तिने खरं कारण सांगितलं.

सभा शाळेच्या सभागृहात होती. लहान मुलांची बाकं, त्यांत गुडघे कोंबून बसलेली मोठी माणसं. खाणीच्या तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवला. पंधरा वर्षं खालचं पाणी वरच्या पाण्यासारखंच आहे, एका महिन्याचाही अपवाद नाही. मावशी पुढच्या रांगेत करपलेल्या रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, एवढंच म्हणाल्या की बघा, आणि खाली बसल्या.

मोजणीबाईला तीन मिनिटं मिळाली. तिने आवाज चढवला नाही. तळ्याची पातळी, बोअरची पातळी, झऱ्याचं पाणी, तीन महिन्यांचे आकडे, तीनदा लिहूनही छापील अहवालात न आलेला शेरा, हे सगळं कागदावरून वाचून दाखवलं.

तज्ज्ञ उठले. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. झरा वेगळ्या खडकातून येत असेल, ते म्हणाले, तर त्याची तुलना बोअरशी करताच येत नाही.

"मग झरा बाजूला ठेवा," ती म्हणाली. "या बोअरचं स्वतःचंच पाणी पंधरा वर्षांपूर्वी दोनशे साठ होतं. तुमच्याच फाइलीत आहे. खडक तोच आहे, बोअर तीच आहे. वाढलंय ते तळं."

अधिकारीबाईंनी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले की बोअर मंजूर नकाशाप्रमाणेच आहे, तिच्या जागेविषयी शंका घेण्याचं कारण नाही.

तेव्हा मागच्या बाजूला बाक करकरलं. सासरे उभे राहत होते. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत राहिलं. ते येणार आहेत हे मोजणीबाईला माहीत होतं. बोलणार आहेत हे माहीत नव्हतं.

ऐकू येत नसल्याने ते गरजेपेक्षा मोठ्याने बोलले. "ती बोअर मी मारली. नकाशातल्या जागी नाही मारली. गाडी चढली नाही म्हणून खाली मारली, आणि गप्प बसलो. ही माझी वही. वरच्या जागेचं पान कोरं आहे, पायथ्याचं भरलंय, बघा."

वही हातोहात पुढे गेली. अधिकारीबाईंनी ती उघडली, नकाशा मागवला, आणि बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून पाहत राहिल्या. मग त्यांनी साहेबांना विचारलं की शेऱ्याचा रकाना तीन महिने रिकामा कसा. साहेब समोरचे कागद चाळू लागले. त्यांचा चेहरा पाहून मोजणीबाईला त्यांची थोडी कीवही आली.

त्या दिवशी निकाल लागला नाही. असे निकाल लगेच लागत नाहीत. नवरा दुसऱ्या दिवशी कामावर गेला तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याच्याशेजारची दोन्ही बाकं रिकामी राहिली. आठवडाभर तो एकटाच डबा खाऊन आला आणि घरी काही बोलला नाही. मग एका दिवशी जुना वेल्डर डबा घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, माझंही घर खालच्याच बाजूला आहे. हे मात्र त्याने घरी आल्या आल्या सांगितलं.

मोजणीबाईला मालकांनी बाटल्या धुण्याच्या मोरीवर बसवलं. साडेतीन महिने ती बाटल्या धूत होती. तिने त्या अशा धुतल्या की केमिस्टबाई म्हणाल्या, या टेबलावर इतकी स्वच्छ काच मी अठरा वर्षांत पाहिली नाही. घरी आल्यावर ती हातांना तेल लावत बसायची, कारण बाटल्या धुण्याच्या आम्लाने कातडी सोलली होती. सोडून द्यावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. दोनदा आलं. दोन्ही वेळा सासरे कुठे बसले आहेत तिकडे तिची नजर गेली. कळत असून गप्प बसलेला माणूस पंधरा वर्षांनी कसा दिसतो ते तिने जवळून पाहिलं होतं.

मग आदेश आला. बांध चढवायला परवानगी नाही. टेकडीच्या खांद्यावर, मूळ नकाशातल्या जागी नवी बोअर. खालच्या बाजूला उपसा बोअरांची रांग, म्हणजे जमिनीत उतरलेलं पाणी वस्तीकडे जाण्याआधी पंपाने ओढून परत आणायचं. कुंपणालगतच्या सगळ्या घरांना आणि रोपवाटिकेला नळाचं पाणी. शेवटच्या कलमात लिहिलं होतं की पातळी मोजणाऱ्या कर्मचाऱ्यानेच यापुढे नमुने घ्यावेत. मालक व्यवहारी माणूस. त्यांनी तिला मोरीवरून उठवलं, आणि बाटल्या न्यायला स्वतःची गाडीही देऊ केली.

नव्या बोअरसाठी आधी टेकडीवर रस्ता कापावा लागला. मशीन चढलं त्या दिवशी सासऱ्यांना खुर्चीसकट गाडीने वर नेलं. ते सावलीला बसून तरुण कामगारांना चुका दाखवत होते, आणि कामगार हो हो म्हणत आपल्याला हवं तेच करत होते. पाणी लागलं, उपसलं, तीन आकडे सारखे आले. दोनशे पंचेचाळीस. तिने तो आकडा मोठ्याने वाचला. सासऱ्यांनी तो पुन्हा विचारला, आणि तिने पुन्हा सांगितला.

त्या महिन्याच्या तुलनेत जुन्या नऊच्या नऊ बोअर नापास झाल्या.

उपसा सुरू होऊन आता आठ महिने झालेत. मावशींनी अर्धी रोपवाटिका नळाच्या पाण्यावर नव्याने उभी केली आहे. उरलेल्या अर्ध्या जागेत माती आधी धुवून काढायला हवी, असं त्यांना कुणी सांगितलं आहे, आणि त्या ते करताहेत. पाणी पूर्ववत व्हायला दहा-बारा वर्षं जातील असा खात्याचा अंदाज आहे. खाणीत आता दुसऱ्या साहेब आल्या आहेत. गेल्या आठवड्यात एका बोअरचा आकडा दोन हजार चाळीसवरून दोन हजारांवर आलेला पाहून त्या आनंदाने म्हणाल्या की अहवालात 'सुधारणा' असं लिहू या.

मोजणीबाई पंप गुंडाळत होती. ती म्हणाली की अजून तीन महिने आकडा याच बाजूला गेला, तर लिहू. आज फक्त आकडा लिहा.

त्यांनी आकडा लिहिला. मोजणीबाईने बाटल्या ठेवलेल्या बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं आणि गाडीकडे निघाली.